देवळाचे कवेलू आम्हीच फेरले

ये, अशी जवळ ये. वाचतेस ना? मग नीट बसून वाच. गॅसवर दूध ठेवून एका डोळ्याने वाचू नकोस. तुझ्यावर रागावले आहे मी. लाडकी भाची असलीस म्हणून काय झालं, आत्याचे दोन शब्द ऐकावेच लागतील.

परवा नातेवाइकांच्या ग्रुपवर तू आपल्या देवळाचा फोटो टाकलास. जुना, तू दोन वेण्यांत होतीस तेव्हाचा. आणि खाली लिहिलंस, ‘आता फक्त आठवणी उरल्या.’ झालं! लोकांनी हात जोडले, रडकी तोंडं टाकली, तुझ्या जावेने तर मेणबत्ती टाकली. अगं, माणूस गेला म्हणून कळलं तरी आधी घरच्यांना विचारतात, खरं काय म्हणून. मला एक फोन करवला नाही तुला? तू अकोल्यात बसून आमच्या देवळाचं मरण जाहीर करत होतीस, तेव्हा मी त्याच देवळाच्या ओसरीवर सतरंजी झटकत होते. धूळ नाकात गेली म्हणून शिंकत होते. मेलेल्या जागी कोणी शिंकतं का?

पण चूक तुझ्या एकटीची नाही. बंद होणार हे पक्कं ठरलं होतं. कागद आला होता, तारीख आली होती, कुलूपसुद्धा आलं होतं. मग बंद का झालं नाही, ते तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. मी सांगते.

आता चर्च म्हण, नाही तर देऊळ म्हण. आपली म्हातारी माणसं देऊळच म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. परतवाड्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत, चिंचेखाली आपली ती लांबट खोली. चार पायऱ्या, पुढे ओसरी, आत सतरंज्या, वर कवेलू, तुम्ही शिकलेली माणसं कौलं म्हणता ती. खुर्च्या नाहीत. एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, मधून वाट. आपल्या लोकांची आता अकरा घरं उरली आहेत. कोणी अमरावतीला गेलं, कोणी पुण्याला, तू अकोल्याला. उरलो आम्ही दवाखान्यातून रिटायर झालेल्या आया, एक मास्तर, दोन-चार शेतीवाले, आणि नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात पाळीवर जाणारी सात-आठ तरणी पोरं-पोरी. एवढीच मंडळी.

मला लोक विचारतात, एवढं काय त्या खोलीत? अमरावतीला मोठं चर्च आहे, पंखे आहेत. बाई, मी शाळेत दुसरीच्या पुढे गेले नाही. माझी आई मला मांडीवर घेऊन बसायची आणि गीतांच्या पुस्तकावर माझं बोट फिरवायची. गाणी मला आधीच पाठ. गाता गाता एक दिवस मला कळलं, की मी तोंडाने जे म्हणते आहे तेच बोटाखाली काळ्या शाईत आहे. त्या दिवशी मला वाचता आलं. ते त्या सतरंजीवर, डाव्या भिंतीपाशी. आज मी हे जे काही चार कागद लिहिते, ते तिथून आलं आहे. ती जागा बंद झाली, तर मी कुठली? मी मग जाईन तिथे पाहुणी.

तर झालं असं. नाताळ आटोपल्यावर, गावोगावच्या देवळांचा कारभार बघणाऱ्या अमरावतीच्या कमिटीचे साहेब आले. मोठे अधिकारी होते, आता रिटायर. बोलायला सभ्य, खोटं नाही सांगत. त्यांच्याबरोबर एक तरुण इंजिनिअर. देऊळ तपासायला आले होते. इंजिनिअर ओसरीत उभा राहून वर बघत होता, तेवढ्यात चिंचेवरून वांदरांची टोळी धाडधाड छपरावर उतरली. आपल्याकडे हे रोजचंच. एक कवेलू घरंगळला आणि त्या बिचाऱ्याच्या बुटापासून हातभर अंतरावर फुटला. तो दचकला. मग त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

मी म्हटलं, “साहेब, वांदर लिहा. देऊळ नोका लिहू.”

तो हसला, पण लिहिलेलं खोडलं नाही.

मग आम्हाला अमरावतीला सभेला बोलावलं. मोठा हॉल, पडदा लावलेला. साहेबांनी पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवलं: ‘एक मंडळी, एक दृष्टी.’ खाली लहान लहान गोल काढले होते, एकेका गावाच्या मंडळीचा एकेक. बटण दाबलं की ते सगळे गोल सरकत सरकत मधल्या मोठ्या गोलात जायचे. चांगलं दिसत होतं, टीव्हीसारखं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी हात वर केला. माझे दीर माझा पदर ओढत होते, “वैनी, बसा नं खाली.” मी बसले नाही.

“साहेब, आमचा गोल कोनता?”

“आता तो आत सामावला, ताई. वेगळा दिसणार नाही. तीच तर दृष्टी आहे.”

“मंग आमाले न विचारता कसा सामावला?”

साहेब म्हणाले, “ताई, छप्पर धोकादायक आहे. उद्या कोणाच्या डोक्यात पडलं तर? तुमच्या भल्यासाठीच आहे. दर रविवारी गाडी पाठवू.” हॉलमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. भल्यासाठी म्हटलं की माणसाला बोलायला जागाच राहत नाही.

आणि गाडी आलीही एका रविवारी. आम्ही स्वच्छ पातळं नेसून गेलो. पंखे खरंच चांगले होते. गीतं पडद्यावर येत होती, पुस्तक काढायची गरज नाही. मग मध्येच पुढे उभा असलेला एक जण माईकवर गोड आवाजात म्हणाला, “आज आपल्यात जे नवीन पाहुणे आले आहेत, त्यांनी कृपया उभं राहावं. आपण टाळ्या वाजवून त्यांचं स्वागत करू या.” सगळे आमच्याकडे वळून हसले.

अगं, मी सत्तरी ओलांडलेली. माझा आजा, माझा बाप, सगळे याच विश्वासात जन्मले आणि याच मातीत गेले. मला नवीन म्हणतात? मी मांडीवर पुस्तक घट्ट धरलं आणि बसून राहिले. माझ्या बाजूची आपली बाई अर्धी उठली होती, तिला मी पदराला धरून खाली बसवलं. टाळ्या वाजल्याच. बसलेल्यांसाठी वाजल्या.

उपासना संपली, गाडीने परत निघालो. देवळापाशी गाडी थांबली, सगळे उतरले, आणि घरी जायचं सोडून सगळेच पायऱ्यांवर बसले. दोन दिवसांपूर्वी आलेला कागद मास्तरांच्या खिशात होता. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कमिटी येऊन चावी ताब्यात घेणार. कारण एकच लिहिलं होतं: छप्पर.

माझे दीर आयुष्यभर लाकूडकाम केलेले मिस्त्री. ते वर बघत म्हणाले, “कवेलू फेराचे हायेत, दुसरं काय? उतरवाचे, फुटके काढाचे, वासे पाहाचे, परत बसवाचे. दरसाल नोतो का फेरत?”

फेरत होतो. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. उन्हाळा लागला की प्रत्येक घर एक दिवस देवळाला द्यायचं. कोणाला पाठवायचं ते घराने ठरवायचं, पण दिवस द्यायचा. मग एकेकाच्या घरांवर स्लॅब पडले, लोक कवेलू फेरायचंच विसरले, आणि देवळाचा दिवसही विसरले. चौदा-पंधरा वर्षं कोणी वर चढलं नाही. वांदरांनाच तेवढी देवळाची काळजी. साहेब म्हणतात ते छप्पर खोटं नव्हतं ग. ते आमच्याच आळसाचं होतं. हे मी त्या पायऱ्यांवर सगळ्यांसमोर बोलले. मास्तरांना राग आला. आला तर येऊ दे.

उपासना चालवणारे आपले पाळकसाहेब माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. तीन गावं मोटारसायकलवर सांभाळतात. ते घाबरले. “आत्याबाई, लेखी परवानगी घ्यावी लागेल.”

“वर चढाले शिडी लागते, पाळकसाहेब. परवानगीवर पाय ठेवून कोन चढते?”

त्यांनी मान वर करून छपराकडे बघितलं. म्हणाले, “मग मी काय करू?”

“तुमी शिडी धरा.”

आणि त्यांनी धरली. पुढचा पूर्ण आठवडा धरली.

ईस्टरच्या आधीच्या दुःखसप्ताहाचा सोमवार ते गुरुवार आम्ही म्हातारेच होतो. पहाटे साडेपाचला सुरू करायचं, दहाच्या आत थांबायचं. पुढे आपल्या वऱ्हाडाचं ऊन तुला माहीत आहे, कवेलूला हात लावला तर कातडी सोलते. दीर वर, त्यांच्याखाली शिडीवर एक शेतीवाला, खाली आम्ही. एक बाजू झाली. दोन वासे उधईने खाल्लेले निघाले, ते दिरांनी जुन्या दाराच्या सागवानी चौकटी फाडून बदलले. पण मोठी बाजू, जिच्याखाली वेदी आहे, ती राहिली होती. तिला हात पाहिजे होते. कारखान्यातल्या पोरा-पोरींना सुट्टी फक्त गुड फ्रायडेची. म्हणून ठरलं: शुक्रवारी पहाटे सगळी अकरा घरं, दुपारी बारा ते तीन उपासना, आणि शनिवारी परत चढवणं.

शुक्रवारी बाई, काय दिसत होतं! रात्रपाळी करून आलेली पोरगी तशीच, डोळे लाल, केसांत कापसाचे तंतू. ज्या दोन घरांत सहा वर्षं बोलणं नव्हतं, ती रांगेत शेजारी शेजारी उभी, कारण दिरांनी उंचीप्रमाणे माणसं लावली. “बोलू नोका, पन हातात द्या बरोबर,” म्हणाले. तोंड वळवून देत होते, पण देत होते. शिडीपासून चिंचेच्या बुडापर्यंत रांग. कवेलू वरून निघायचा, हातोहात यायचा, आणि शेवटी मी. माझ्याकडे रचायचं काम. कवेलू उभे, कलते, कशाला तरी टेकवून रचावे लागतात.

सुरुवातीला मी त्या दिवसाला शोभेल असं दुःखाचं गीत धरलं. सगळे म्हणत होते. पण ते गीत इतकं संथ की हात संथ पडले. दोन जांभया आल्या, मग चार. कुंपणापलीकडून माझी मैत्रीण ओरडली. ही बौद्ध वस्तीत राहते. आम्ही दोघींनी तीस वर्षं एकाच दवाखान्यात, एकाच वॉर्डात काम केलं आहे. तिच्यासारखी तोंडाळ बाई वऱ्हाडात नसेल. “काय वं! मयतीले आल्यावानी काहून गाऊन राहिल्या? असं गाल तं पुढच्या ईस्टरले होईन छप्पर!”

मला लागलं ते. मी भजन धरलं, ठेक्याचं. पाळकसाहेब शिडी धरल्या धरल्या म्हणाले, “आत्याबाई, आज गुड फ्रायडे आहे.” मी म्हटलं, “बारा वाजता रडू. आता काम करू द्या.” कोणीतरी रिकाम्या डब्यावर ताल धरला आणि रांग अशी सरसर चालायला लागली की दिरांना वर पुरवठा करता येईना. ठेक्यावर कवेलू घ्यायचा, ठेक्यावर द्यायचा. कोणाला सांगावं लागत नव्हतं. मी शेवटी उभी राहून ती सगळी डोकी बघत होते आणि मनात साहेबांना म्हणत होते, या, दाखवते तुम्हाला एक मंडळी.

गर्व झाला मला. झालाच.

आपल्या भजनाची रीत तुला ठाऊक आहे. शेवटच्या कडव्याला चाल दुप्पट होते. लहानपणापासून तसंच गात आलो आहोत, अंगात बसलेलं आहे. शेवटचं कडवं आलं, मी सवयीने दुगण घेतली, डब्यावाल्याने घेतली, आणि सगळ्या रांगेच्या हातांनीही घेतली! कवेलू पावसासारखे यायला लागले. थांबवावं तर तोंडात कडवं. मी उभे रचायचं सोडून जमेल तसे टाकत गेले, एकावर एक, आडवे, तिरपे. कडवं संपलं, सगळ्यांनी जोरात शेवटचा सूर लावला, आणि त्याच सुरात माझी रास सरकली. आधी एक रांग, मग तिच्या धक्क्याने दुसरी, मग सकाळपासून रचलेली सगळीच. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

धूळ बसली. शंभरावर कवेलूंचे तुकडे झाले होते. वर वेदीच्या बाजूला छप्पर नाही, नुसते वासे आणि आकाश.

मास्तर हळूच म्हणाले, “हा देवाचा इशारा हाय. आजच्या दिवशी असं गावं नोतं.”

दीर वरून ओरडले, “इशारा नाई मास्तर, दुगन हाय ते!”

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. असे कवेलू आता कोणी बनवत नाही. परतवाड्यात विचारा, अमरावतीत विचारा, लोक पत्रे दाखवतात. सोमवारी साहेब येणार आणि उघडं देऊळ बघणार. आणि उघडं कोणी केलं? सगळ्यात जास्त बोलणाऱ्या बाईने.

बारा वाजता उपासना सुरू झाली, अर्ध्या छपराखाली. वाशांमधून ऊन आत पडलं होतं, पट्ट्या पट्ट्यांचं. ते सरकायचं तशी माणसं सतरंजीवर सरकायची. बाया बाप्यांच्या बाजूला गेल्या, मधली वाट राहिली नाही. पाळकसाहेब वेदीपाशी भर उन्हात उभे. कोणी छत्री धरायला गेलं, त्यांनी नको म्हणून हात केला. ख्रिस्ताचे वधस्तंभावरचे सात उद्गार एकेक करून वाचले, घाम पुस्तकावर ठिबकत होता. मी इतकी वर्षं ते सात उद्गार ऐकते आहे. ‘मला तहान लागली आहे’ हा उद्गार मला त्या दिवशी कळला, डोक्यावर ऊन घेऊन. पण खरं सांगते, माझं अर्धं लक्ष बाहेरच्या तुकड्यांकडे होतं.

तीन वाजता बाहेर आले आणि तुकड्यांपाशी बसले. मैत्रीण आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“रडून राहिली काय वं?”

“नाई. धूळ गेली डोयात.”

“दोनी डोयात एकदम?” मग ती माझ्याजवळ बसली. “माह्या सासूच्या जुन्या घराचे कवेलू हायेत परसात. स्लॅब टाकला तवापासून पडून हायेत, विंचू निंघतात त्यात. ने. पन एक अट हाय.”

“सांग.”

“माह्या सासूचे कवेलू मांगच्या कोपऱ्यात नाई लावाचे. पुढं लावाचे, तुमच्या येशूच्या डोक्यावर. अन् मी सोता उभी राहून लावून घेईन. तुह्या हातावर माहा भरोसा उडाला आता.”

मी हसले. दिवसभरात पहिल्यांदा.

बातमी गावात फिरायला किती वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत रस्त्यापलीकडचे शेतकरी भाऊ आले. त्यांच्या गोठ्यावर नवे पत्रे पडले होते. ओशाळल्यासारखे म्हणाले, “मावशी, हायेत आपल्यापाशी बी थोडेसे. पन गोठ्यावरचे हायेत. शेनाचा वास येईन देवळात.”

मी म्हटलं, “आमचा प्रभू गोठ्यातच जल्मला भाऊ. त्याले चालते.”

“मंग आमचं गोठ्याचं छप्पर तुमच्या धर्मात गेलं म्हना की!”

“बैलाले विचारून घ्या आधी,” मैत्रीण म्हणाली, आणि ते पोट धरून हसले.

शनिवारी छोट्या हत्ती टेम्पोतून कवेलू आले. कवेलू म्हणावेत तर प्रत्येक घराची जात वेगळी. देवळाचे चपटे, साच्यातले. मैत्रिणीच्या सासूचे हाताने केलेले, गोल, जाड. गोठ्यावरचे त्याहून लहान. एकाच्या खाचेत दुसरा बसेना. दीर वर वैतागून बोलत होते, ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही, आणि पाळकसाहेबांनी शिडी धरल्या धरल्या ऐकलं नाही असं दाखवलं. खालून मैत्रीण हुकूम सोडत होती, “जरा डावीकडं सरकवा! माह्या सासूले वाकडं चालत नोतं!” शेवटी दिरांनी युक्ती काढली. एका जातीचे कवेलू एका पट्ट्यात, दुसऱ्या जातीचे दुसऱ्या पट्ट्यात, आणि जोड आला तिथे कवेलू ज्यांवर टेकतात त्या रिपांची उंची बदलली. त्या दिवशी रांगेत मला रचायला ठेवलं नाही. मध्ये उभं केलं, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की आत्याबाई गाणार नाहीत. मी तोंड शिवून कवेलू दिले. दोन्ही बाजूंच्या माणसांचे हात तेवढे दिसत होते मला. रांगेत उभं राहिलं की दुसरं काही दिसतच नाही, आणि तेवढं पुरतं.

त्या दिवशी उन्हातही थांबलो नाही, म्हणून सूर्य मावळायच्या आत छप्पर झालं. ठिगळांची गोधडी दिसत होती वरून. मैत्रीण आत येऊन वेदीपुढे उभी राहिली, वर बघितलं, म्हणाली, “हं. आता बरं हाय.” मग तिने झाडू मागितला. आत पडलेली माती माझ्या सासूच्या कवेलूंची आहे, ती मीच झाडणार, म्हणून हटून बसली. आम्ही थकून गेलो होतो. चावी तिच्या हातात दिली आणि घरी आलो.

ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात मेणबत्त्या लावल्या आणि तिथून गात देवळात आलो. माझ्या माणसाच्या कबरेवर मी लावली, तुझ्या आजी-आजोबांच्या कबरेवरही लावली, तुझ्या नावाने. आत गेलो तेव्हा तिने दार उघडून, पायऱ्या धुऊन ठेवल्या होत्या. चावीची आठवण कोणालाच राहिली नाही.

सोमवारी साहेब आले. बरोबर तोच इंजिनिअर. साहेबांच्या हातात पिशवी, पिशवीत नवं कोरं कुलूप. अकरा घरांतली माणसं ओसरीवर बसली होती. ज्यांची कारखान्यात पाळी होती तेवढी नव्हती.

साहेब वर बघत राहिले. “हे काय केलंत?”

“कवेलू फेरले,” दीर म्हणाले. “या इंजिनिअरसाहेब, शिडी लावेल हाय. हात लावून पाहा.”

इंजिनिअर चढला. बराच वेळ वर होता. दिरांनी त्याला एकेक वासा ठोकून दाखवला. खाली उतरला तेव्हा त्याच्या पँटला लाल माती लागली होती. म्हणाला, “सर, छप्पर आता ठीक आहे. दिसायला वेगळं आहे, पण ठीक आहे.”

साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “प्रश्न एकट्या छपराचा नाही. मंडळीची दृष्टी एक पाहिजे. प्रत्येक गावाने आपापलं ठरवलं तर कसं चालेल?”

मी म्हटलं, “साहेब, कागदात कारन छप्परच लिहिलं होतं तुमी. आता छप्पर झालं तं दृष्टी आनली. तुमची दृष्टी चांगली हाय, मी नाई नाई म्हनत. पन ती तुमी अमरावतीत बसून पाह्यली अन् आमाले पडद्यावर दाखवली. आमची आमी उनात उभं राहून पाह्यली. सहा वर्सं न बोलनारे हात हातात घेऊन उभे होते. तुमी एकदा सतरंजीवर बसा आमच्यासंग. मंग म्हना, बंद करा.”

त्यांनी पिशवीतून कुलूप काढलं. वाईट माणूस नाही ग तो. पण ठरवून आला होता. म्हणाले, “ताई, चावी द्या.”

तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं. चावी कोणापाशी? दीर म्हणाले माझ्यापाशी नाही. मास्तरांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. आणि मग सगळ्यांना एकदम आठवलं. सगळ्यांच्या माना कुंपणाकडे वळल्या.

मैत्रीण कुंपणाला टेकून उभीच होती. कमरेची चावी काढून तिने वर धरली. “ही पाह्यजे?”

“हो बाई. द्या इकडे.”

“तुमी कोन?”

“मी कमिटीचा…”

“कमिटी तुमची, तुमच्या लोकांची. मी काई तुमच्या चर्चात नाई, तुमचा कागद मले लागू नाई. चावी मले ह्या लोकांनं देल्ली, मी ह्या लोकायलेच देईन. अन् वर माह्या सासूचे कवेलू हायेत. त्याले कुलूप लावाचं असंन तं माह्या घरी या, पोराले विचारा.”

शपथेवर सांगते, हे ठरवलेलं नव्हतं. आमच्यात एवढी अक्कल असती तर कवेलू फुटले नसते. साहेबांनी एकदा चावीकडे बघितलं, एकदा छपराकडे. मग कुलूप परत पिशवीत गेलं. दिरांनी चहाचं विचारलं, त्यांनी घेतला नाही. इंजिनिअरने घेतला.

म्हणून सगळं गोड झालं असं समजू नकोस. महिन्याने दुसरा कागद आला. कमिटीच्या यादीत आपलं नाव राहिलेलं नाही. पाळक फक्त महिन्यातून एकदा, प्रभुभोजनापुरते. लागलं मला ते, दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तिसऱ्या दिवशी उठले आणि रविवारच्या पाळ्या लावल्या. एका घराने प्रार्थना चालवायची, एकाने शास्त्रपाठ वाचायचा, एकाने गीतं धरायची. रात्रपाळीवाली ती पोरगी आता उपदेश करते, आणि चांगला करते, वाचून येते. मास्तरांना आवडत नाही, तरी सगळ्यात पुढे तेच बसतात. पाळकसाहेबांची मोटारसायकल उरलेल्या रविवारी बिघडते. नेमकी आपल्याच गावात बिघडते, नऊच्या सुमारास. आम्ही काही विचारत नाही.

यादीत नाव नसलं तरी दर रविवारी दार उघडतं. अकरा घरं आहेत तोवर उघडेल. दहा झाली तरी उघडेल. एक राहिलं तर ते माझं असेल.

पण बाई, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. बारीक अक्षर पुसट होतं. गेल्या दोन रविवारी शास्त्रपाठाची पाळी माझी होती आणि मी पाठ होतं ते म्हटलं, पुस्तक नुसतं उघडून धरलं. कोणाला कळलं नाही, मला कळलं. तुझा आवाज चांगला आहे, वाचण्यात ठसका आहे, आणि तू मोकळीच असतेस रविवारी, मला माहीत आहे. ग्रुपवर लिहिण्याइतका वेळ आहे तर येण्याइतकाही आहे. अकोल्याहून पहाटेची एसटी धर, अमरावतीला परतवाड्याची गाडी लागलेलीच असते. फाट्यावर उतर, दीर घ्यायला येतील. शनिवारीच आलीस तर आणखी बरं, ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत करून ठेवीन. नवऱ्यालाही आण, त्याला शिडी धरता येते का बघू. ये ग, लवकर ये. आजचं उद्यावर नको टाकूस.